'सी' कावीळ : गोळ्या किती दिवस?

कावीळ म्हटली की आपल्याकडे आधी गळ्यात माळ पडते, मग झाडपाला पोटात जातो आणि दवाखान्याची पायरी सर्वांत शेवटी चढली जाते. साधी कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. हेपेटायटिस 'सी'पुढे मात्र माळ चालत नाही. हा विषाणू रक्तावाटे शिरतो आणि डोळे पिवळे न करताही वर्षानुवर्षे यकृत पोखरीत राहतो.

"वर्षभर सुया टोचून घ्यायच्या, तर कामावर कोण जाणार?" ही धास्ती जुन्या काळातली आहे. तेव्हा इंटरफेरॉनची इंजेक्शने 24 किंवा 48 आठवडे घ्यावी लागत. आता पोटात घ्यायच्या गोळ्या आहेत. 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी उपचार केंद्रांत तपासणी व औषध मोफत मिळते.

बहुतेक रुग्णांना 12 आठवडे पुरतात. मुदत मुख्यतः यकृताच्या अवस्थेवर ठरते. यकृत आकसून कडक झाले, म्हणजे सिऱ्होसिस झाला, तरी ते काम करीत असेल तर बहुधा 12 आठवडेच लागतात. फक्त गोळी बदलते. पोटात पाणी झाले असेल तर रिबाव्हिरिन जोडतात. ते सोसत नसेल तर उपचार 24 आठवडे चालतो. आधीचा उपचार फसला असल्यास डॉक्टर मुदत व औषध नव्याने ठरवितात. क्षयाच्या किंवा इतर गोळ्या चालू असतील तर त्या आधी सांगाव्यात. क्षयावरील रिफॅम्पिसिन या औषधांचा जोर कमी करते.

बरे वाटले, रोज बुडतो, म्हणून मध्येच गोळ्या सोडू नयेत, असे आम्ही कळकळीने सांगतो. गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासावे. त्यात विषाणू सापडला नाही, म्हणजे रोग गेला. शंभरात नव्वदाहून अधिक रुग्ण असे बरे होतात. पण पुन्हा लागण होऊ शकते आणि या रोगावर लस नाही. दवाखान्यात सफाई करणाऱ्या आपल्या भावाबहिणींनी सुई टोचल्यास ती गोष्ट लपवू नये, लगेच कळवावी. दाढीचे पाते दुसऱ्याचे वापरू नये.

आणि एक गोष्ट. हा रोग एका ताटात जेवल्याने किंवा एका माठातले पाणी प्याल्याने होत नाही. घरातल्या रुग्णाचा पेला वेगळा ठेवू नका. वेगळ्या पेल्याचे दुःख आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.