कमरबंद परतून आला

‘अंगावरचं’ लेखमाला, भाग 9

मागच्या आठवड्यात बाराबंदीचे बारा बंद सोडवून पाहिले. आज त्याच कपाटातल्या दुसऱ्या टोकाच्या कपड्याकडे जायचं आहे. निमित्त घरचंच आहे.

माझ्या मधल्या भाच्याचं लग्न गेल्या डिसेंबरात वाशीत झालं. मुहूर्त सकाळचा, रिसेप्शन संध्याकाळी साडेसातला. लग्नाच्या तीन महिने आधी त्याचा फोन आला. “मामा, सकाळी धोतर, उपरणं आणि पगडी हे नक्की आहे. रात्री टक्सिडो घालू का? आई म्हणते, ते आपलं नव्हे.”

मी म्हटलं, “घाल की. पण तो कपडा काय आहे हे आधी समजून घे. नुसता काळा सूट आणि चकचकीत कॉलर म्हणजे टक्सिडो नव्हे.”

वाशीत लग्नाच्या हंगामात दर शनिवारी-रविवारी स्टेजवर काळ्या कोटातला नवरदेव दिसतो. हे पाहुणे कपडे आता आपल्याकडे राहायलाच आले आहेत. मग त्यांच्याशी नीट ओळख नको का? टक्सिडोचे नियम ऐकले की पहिल्यांदा ते श्रीमंतांचे नखरे वाटतात. माझं म्हणणं वेगळं आहे. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक नियमामागे दोनच कारणं आहेत : रात्रीचा उजेड आणि उकाडा. ही दोन कारणं धरून चाललं की काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते आपोआप कळतं.

आधी जन्मकथा. एकोणिसाव्या शतकात विलायतेतले खानदानी पुरुष रात्रीच्या जेवणालाही मागे लांब शेपटे असलेला कोट घालून बसत. लंडनच्या सेव्हिल रो या शिंप्यांच्या रस्त्यावर हेन्री पूल नावाची जुनी पेढी आहे. 1865 मध्ये या पेढीने प्रिन्स ऑफ वेल्ससाठी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डसाठी, बिनशेपट्याचा आखूड कोट शिवला. सँड्रिंगहॅमच्या वाड्यात घरगुती जेवणाला बसताना घालायचा तो कोट होता. आज जो पोशाख आपण सर्वांत औपचारिक समजतो, तो असा घरातल्या सुटसुटीतपणासाठी जन्माला आला. इंग्रज अजूनही त्याला ‘डिनर जॅकेट’च म्हणतात. ‘टक्सिडो’ हे नाव अमेरिकेतलं. न्यूयॉर्कजवळ पियरे लॉरिलार्ड या तंबाखूच्या धनाढ्य व्यापाऱ्याने टक्सिडो पार्क ही वसाहत उभारली आणि 1886 मध्ये तिथे क्लब सुरू झाला. त्या क्लबातल्या मंडळींनी हा आखूड कोट उचलला आणि गावाचं नाव कोटाला चिकटलं. पैठणीला पैठणचं चिकटलं तसंच.

जेवणाचा कोट, म्हणजे रात्रीचा कोट. दिवसाउजेडी तो घालत नाहीत. जुना दंडक संध्याकाळी सहानंतरचा. आपल्या लग्नांना हे किती सोयीचं आहे पाहा. सकाळच्या मुहूर्ताला आपला वेष आणि दिवेलागणीनंतर टक्सिडो, यात एकमेकांच्या पायात पाय येतच नाही. सकाळी अकराच्या मंगलाष्टकांना टक्सिडो घालून उभा राहिलेला मुलगा मात्र दोन्हीकडून चुकतो.

आता उजेडाचं. कोटाची लॅपल, म्हणजे छातीवर उलटवलेली कॉलरची पट्टी, रेशमाने मढवलेली असते आणि पँटच्या बाहेरच्या शिवणीवरून रेशमाचीच एक पट्टी खालपर्यंत जाते. बाकी सगळं कापड मंद, प्रकाश गिळणारं. मेणबत्तीच्या किंवा गॅसबत्तीच्या उजेडात फक्त त्या कडा उजळाव्यात आणि माणसाचा चेहरा पांढऱ्या शर्टाच्या चौकटीत उठून दिसावा, अशी ही योजना. म्हणूनच चमक थोडी आणि नेमक्या जागी हवी. बाजारात जे तयार टक्सिडो मिळतात त्यांतल्या पुष्कळांना पॉलिएस्टरच्या साटिनची लॅपल असते. रिसेप्शनच्या स्टेजवर एलईडीचा झोत पडला की ती फोटोत आरशासारखी चकाकते आणि चेहरा मागे पडतो. साटिनऐवजी ग्रोग्रेन म्हणजे बारीक आडव्या रेघांचं रेशीम घेतलं तर चमक दबते. मला स्वतःला तेच आवडतं. मिळालं नाही तर निदान साटिन हाताळून, दुकानाबाहेर उजेडात नेऊन पाहावं.

रंगाचंही तसंच. काळा आहेच, पण अगदी गडद निळा रंग, ज्याला मध्यरात्रीचा निळा म्हणतात, तो कृत्रिम उजेडात काळ्याहून काळा दिसतो. काळ्या कापडावर त्याच उजेडात कधी हिरवट, कधी राखी झाक येते. सावळ्या कांतीवर तर हा निळा फार खुलतो. भाच्याला मी तोच घ्यायला लावला.

लॅपलचे प्रकार तीन. टोकं वर खांद्याकडे रोखलेली ती पीक. गळ्यापासून बटणापर्यंत अखंड वळत येणारी ती शॉल. आणि रोजच्या ऑफिसच्या सूटला असते तशी खाच असलेली नॉच. टक्सिडोला पहिल्या दोनच खऱ्या. बुटक्या किंवा रुंद अंगाला पीक बरी, कारण नजर वर जाते. सडपातळ मुलाला शॉल शोभते. बटण एकच. खिशांना झाकण नाही. मागे चाक नको, असलाच तर दोन्ही बाजूंना. कोटावर जितकं कमी, तितकी ती रेशमी कड बोलते.

आता उकाडा, आणि इथे गोष्ट आपल्याच अंगणात येते.

या कोटाखाली पूर्वी वेस्टकोट सक्तीचा होता. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना इथल्या उन्हाळ्यात तो सोसेना. त्यांनी आपल्याकडच्या माणसांच्या कमरेला बांधलेलं कापड पाहिलं आणि वेस्टकोट काढून तेच गुंडाळायला सुरुवात केली. नावही आपलंच राहिलं. ‘कमर’ आणि ‘बंद’ हे दोन्ही फारसीतून आपल्याकडे आलेले शब्द; इंग्रजांच्या तोंडी त्याचं ‘कमरबंड’ झालं. मराठेशाहीतल्या सरदारांची चित्रं आठवा : अंगरख्यावर कसलेला शेला आणि त्यात खोचलेली कट्यार. ‘कंबर कसली’ असं आपण अजूनही म्हणतो. लंडन-न्यूयॉर्कच्या मेजवान्यांत मिरवणारा तो रेशमी पट्टा याच कुळातला आहे. बहिणीला हे सांगितलं तेव्हा तिचा अर्धा विरोध तिथेच विरघळला.

आपल्या नौदलाने तर याच्याही पुढची पायरी जपली आहे. तांबड्या समुद्रातून जाताना जहाजावर इतकं उकडायचं, की अधिकारी जेवणाच्या वेळी कोटच उतरवून ठेवत. अंगात पांढरा शर्ट, खाली काळी पँट आणि मध्ये कमरबंद. या वेषाला ‘रेड सी रिग’ हे नाव पडलं आणि भारतीय नौदलात तो आजही आहे. याच नौदलाने 2024 मध्ये मेसमध्ये कुर्ता-पायजम्यालाही मुभा दिली. ज्यांच्या घरी दर्यावर्दी माणूस आहे, आणि नवी मुंबईत अशी घरं पुष्कळ आहेत, त्यांना कमरबंदाची नवलाई वाटणार नाही.

कमरबंद कशासाठी? शर्ट जिथे पँटमध्ये खोचला जातो तो सांधा झाकायला. म्हणून पँट बेंबीच्या जवळपास बसणारी हवी, कमरेखाली घसरणारी नको. तिला बेल्टचे लूप नसतात. बाजूला पट्ट्या असतात किंवा आतून गॅलिस लावतात. कमरबंदाच्या चुण्यांची तोंडं वर ठेवायची. त्यात नाटकाची तिकिटं खोचत असं सांगतात. वेस्टकोट घातला तर कमरबंद नाही, आणि कमरबंद असेल तर वेस्टकोट नाही. वाशीच्या हवेत मी डोळे झाकून कमरबंदाच्या बाजूने आहे.

कापडाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण खरी फसगत तिथेच होते. पाच वर्षांपूर्वी थोरल्या भाच्यासाठी आम्ही एका दुकानातून टक्सिडो भाड्याने आणला होता. आरशात ठीक दिसला. रात्री स्टेजवर दोन तास उभं राहिल्यावर त्याच्या पाठीवरून घाम ओघळत होता, आणि छातीवर कापडाला फोड आल्यासारखे फुगवटे दिसायला लागले. फोटो सगळे तसेच आले आहेत. बिचाऱ्याला वाटत राहिलं की आपल्याच अंगात काही खोट आहे. खोट कोटात होती. पॉलिएस्टरचा धागा स्वतःच्या वजनाच्या एक टक्काही दमटपणा शोषत नाही. लोकर जवळजवळ तीस टक्के शोषते आणि तरी ओली लागत नाही. लोकर म्हणजे गरम, ही आपली समजूत शालीवरून आणि स्वेटरवरून झालेली. पातळ, पीळदार सुताची, मोकळ्या विणीची लोकर मुंबईच्या हवेत टेरीकॉटपेक्षा कितीतरी सुखाची असते. दर चौरस मीटरला 220 ते 260 ग्रॅम वजनाचं कापड मागावं. त्यात थोडी मोहेर म्हणजे अंगोरा शेळीची लोकर मिसळलेली असली तर सुरकुत्या कमी पडतात. यासाठी विलायती कापडच हवं असं नाही. वाशी ज्या खाडीकाठी वसली त्याच खाडीच्या वरच्या अंगाला, ठाण्यात, 1925 पासून रेमंडच्या नावाने लोकरी कापड विणलं जात होतं. ती गिरणी आता बंद आहे, पण त्यांचं कापड बाहेरच्या गिरण्यांतून येतंच.

छातीवरचे फुगवटे कशाचे? कोटाच्या पुढच्या भागात आकार धरून ठेवायला आत एक थर असतो. चांगल्या कोटात तो कॅनव्हासचा, टाके घालून अधांतरी बसवलेला. स्वस्त कोटात तो गोंदाने चिकटवलेला असतो, त्याला फ्यूजिंग म्हणतात. ड्रायक्लीनिंगच्या फेऱ्या आणि दमट हवा यांनी गोंद सुटतो आणि फोड येतात. भाड्याच्या कोटाच्या तर अशा किती फेऱ्या झालेल्या असतात! छातीवरचं कापड दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकेच ओढावं. मधला थर वेगळा सरकताना जाणवला तर कॅनव्हास आहे.

शिवून घ्यायचा असेल तर दोन महिने हाताशी ठेवा. दोन कपड्यांसाठी मोठ्या पन्ह्याचं तीन ते सव्वातीन मीटर कापड लागतं. मास्टरना कच्च्या शिलाईवर एक ट्रायल मागा, आणि त्या ट्रायलला तोच शर्ट नि तेच बूट घालून जा. पहिल्यांदा खांदे बघा. बाही आखूड करता येते, कंबर घेता येते, खांदा मात्र एकदा चुकला की चुकला. कोटाने बैठक झाकली पाहिजे. हात खाली सोडल्यावर शर्टाचा कफ अर्धा इंच बाहेर दिसावा. पँटची मोहरी बुटावर एकदाच मोडावी. तिला बाहेरून दुमड नसते. आणि शिवणीत मार्जिन सोडायला सांगा, लग्नानंतर अंग भरतंच.

बाकीचं थोडक्यात. शर्ट पांढराच, छातीवर बारीक चुण्यांचा, दुहेरी कफाचा. बो लॅपलच्या जातीच्या रेशमाचा आणि स्वतः बांधलेला. आधीच शिवलेला, मागे हुक असलेला बो अगदी सारखा दिसतो, आणि ते सारखेपणच डोळ्यात येतं. हाताने बांधलेला थोडा वाकडा राहतो, तो चांगला दिसतो. भाच्याने पंधरा दिवस रोज रात्री आरशासमोर सराव केला. गाठ बुटाच्या नाडीचीच असते, फक्त गळ्याशी. बूट काळे, साधे, आरशासारखे घासलेले. मोजे काळे आणि पोटरीपर्यंत. रुमाल पांढरा. एवढंच. छातीवर बिल्ले, साखळ्या, मोराचे ब्रोच हे सगळं शेरवानीवर छान दिसतं, इथे नको.

मे महिन्यातलं लग्न असेल तर? त्यालाही जुनी सोय आहे. हस्तिदंती रंगाचा डिनर कोट उष्ण मुलखांसाठीच रुळला. त्याची लॅपल रेशमी नसते, त्याच कापडाची असते. पँट मात्र काळीच. 1942 च्या ‘कॅसाब्लांका’ चित्रपटात हम्फ्री बोगार्टने तो घातला आहे. वाशीच्या उन्हाळी रिसेप्शनांत हा कोट फारसा कोणी घालत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आणि ज्याला हे काहीच नको असेल, त्याने बिनधास्त बंदगळा घालावा. नोबेल पारितोषिकाच्या समारंभाला पुरुषांसाठी टक्सिडोहूनही वरचा, शेपट्यांचा कोट आणि पांढरा बो असा नियम आहे, पण राष्ट्रीय पोशाखाला तिथे मान आहे. मुंबईत जन्मलेले, आईकडून पाटणकरांचे नातू असलेले अर्थशास्त्रज्ञ अभिजित विनायक बॅनर्जी 2019 मध्ये पारितोषिक घ्यायला स्टॉकहोमच्या त्या व्यासपीठावर धोतर आणि काळा बंदगळा घालून गेले. त्यांच्या पत्नी आणि सहविजेत्या एस्थर डुफ्लो साडीत होत्या. त्या सभागृहात त्यांच्याइतके नीटनेटके फार थोडे दिसत होते. निमंत्रणावर ‘ब्लॅक टाय’, म्हणजे टक्सिडोचा वेष, असं लिहिलं असेल तर आपल्याकडे काळा किंवा गडद निळा बंदगळा चालतो. बंदगळ्याचं शास्त्र पुढच्या भागात.

समारंभ आटोपल्यावर कोट लगेच ड्रायक्लीनिंगला टाकू नका. रात्रभर पंख्याखाली रुंद हँगरवर टांगा, मऊ ब्रश फिरवा, आणि सुती पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात लोकरीला आणि रेशमाला बुरशी धरते. खाडीजवळच्या घरांत तर हमखास. दसऱ्याच्या सुमारास एकदा सावलीत वारा द्यावा.

रिसेप्शनच्या रात्री हॉलच्या मागच्या खोलीत भाचा तयार होत होता. बो त्याने स्वतः बांधला. कमरबंदाचं मागचं हुक काही त्याला लागेना. ते आईने, म्हणजे माझ्या बहिणीने लावलं, आणि चुण्यांची तोंडं वर आहेत ना हेही तिनेच हात फिरवून पाहिलं. धाकट्याचं लग्न येत्या मे महिन्यात आहे. रविवारी आम्ही तिघं हस्तिदंती कापड बघायला निघतोय.