नेरची पत सुरतेत चालेल काय?

नेरच्या बाजारात आम्हाला उधारीसाठी कागद दाखवावा लागत नाही. दोन पिढ्यांची दुकानदारी आणि बोललेल्या तारखेला रक्कम पोचती करण्याची सवय, एवढ्यावर भागते. अमरावतीच्या ठोक बाजारातही नाव सांगितले की माल बांधायला घेतात. पण काही वर्षांपूर्वी आम्ही सुरतेस एका नव्या पेढीवर गेलो, तेव्हा तीस वर्षांच्या व्यवहाराची किंमत शून्य ठरली. रोख द्या, नाहीतर दलालाची हमी आणा, असे उत्तर मिळाले. त्यांचेही चूक नव्हते. अनोळखी माणसाला त्यांनी कशाच्या जोरावर माल द्यावा?

आपली पत दुसऱ्याच्या वहीत असते आणि ती वही सोबत नेता येत नाही. २००० साली स्थापन झालेल्या सिबिलसारख्या संस्थांकडे बँकांच्या कर्जाची नोंद असते, दुकानादुकानांतल्या उधारीची सहसा नसते. ज्याने कधी कर्जच काढले नाही तो शिंपी किंवा रंगारी तेथे कोराच.

हल्ली ब्लॉकचेनची जी चर्चा आहे तिचा संबंध येथे येतो. ब्लॉकचेन म्हणजे एका मुनीमाच्या पेटीत न राहता अनेक संगणकांवर एकसारखी ठेवलेली वही. प्रत्येक नव्या पानावर मागच्या पानाची गणिती खूण असते. मागचा एखादा आकडा बदलला तर पुढच्या साऱ्या खुणा चुकतात आणि लबाडी उघडी पडते.

आपल्या विदर्भात याचा प्रयोग झालेला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ साली सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रे या पद्धतीने देण्याचे काम हाती घेण्यात आले. कागदावरचा क्यूआर कोड मोबाइलने तपासला की दाखला अस्सल की बनावट ते कळते. त्याआधी २०२१ साली राज्याच्या कौशल्य शिक्षण मंडळानेही आपल्या पदविकांसाठी हाच मार्ग धरला होता.

आता हेच पतीला लावून पाहू. समजा, अमरावतीच्या ठोक व्यापाऱ्याने ‘या दुकानाची रक्कम इतकी वर्षे वेळेवर आली’ असा दाखला आपल्या डिजिटल सहीने दिला. तो आमच्या मोबाइलमध्ये राहील, सुरतेचा व्यापारी सही तपासून घेईल, आणि कोणाला दाखवायचा ते आम्ही ठरवू. पूर्वी हुंडीवरची सही परगावी चालत असे, त्याच जातीची ही गोष्ट. मात्र सही अस्सल असली म्हणजे सही करणारा खरा बोलतो असे नव्हे. मेहुणाही दाखला देऊ शकतो! म्हणून सही करणाऱ्यांची नोंद व्यापारी संघाने किंवा बँकेने ठेवल्याशिवाय हे चालणार नाही. आमच्याकडे असा दाखला अजून कोणी मागितलेला नाही.

आम्हाला खरी धास्ती नावाची वाटते. उर्दू शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे. मोहम्मदचे कुठे ‘मो.’, कुठे ‘मोहंमद’; शेख कधी पुढे, कधी मागे. न पुसणारी वही चूकसुद्धा तितक्याच इमानदारीने जपते. दुरुस्तीची नवी नोंद करता येते, जुनी मात्र राहते. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांची देणी थकली आणि पुढे ज्यांनी पै न पै फेडली, त्यांच्यावरचा डाग तसाच राहावा काय? आपल्या वहीत हिशेब मिटला की पान बंद होते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती दुरुस्त करण्याचा व पुसण्याचा हक्क आहे. त्याचा अशा वहीशी मेळ बसावा म्हणून मूळ कागद बाहेर ठेवून त्याचा फक्त गणिती ठसा साखळीवर ठेवण्याकडे जाणकारांचा कल दिसतो.

तोवर आधार, पॅन, बँक खाते आणि उद्यम नोंदणी यांवर नावाचे स्पेलिंग एकच करून घ्यावे. उधारी फेडल्याची पोच लेखी घ्यावी, तोंडी नको. आणि ब्लॉकचेनचे ओळखपत्र काढून देतो म्हणून कोणी दुकानात येऊन पैसे किंवा ओटीपी मागू लागला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.