फोटो फिरवण्याची धमकी आली तर: मुलीला घरात बसवू नका, कायदा वापरा

गेल्या वर्षी शाळेत एक अम्मी धाकट्या मुलीचा दाखला मागायला आल्या. मुलगी नववीत, अभ्यासात हुशार. मग दाखला कशाला? बराच वेळ त्या बोलल्याच नाहीत. शेवटी रडत रडत सांगितलं. थोरली कॉलेजात. तिची मंगनी मोडली. मंगनी टिकून होती तेव्हा तिनं भरवशानं त्या मुलाला काही फोटो पाठवले होते. आता तो म्हणतो, निकाह कर, नाहीतर सगळ्या मोहल्ल्यात फिरवतो. घरच्यांनी थोरलीचा फोन काढून घेतला, कॉलेज बंद केलं आणि धाकटीलाही घरी बसवायचं ठरवलं.

म्हणजे गुन्हा एका मुलाचा आणि सजा दोन मुलींना. अशी घरं आपल्या आसपास आणखीही असतील. इज्जतीच्या भीतीनं कुणी बोलत नाही आणि धमकी देणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. म्हणून कायदा काय सांगतो ते आम्ही इथे सोप्या भाषेत मांडतो आहोत.

फोटो दिला म्हणजे फिरवायची परवानगी दिली, असं नाही

लोक पहिला सवाल हाच करतात: "पण तिनं पाठवलाच कशाला?" भारतीय न्याय संहितेनं याचं उत्तर देऊन ठेवलंय. १ जुलै २०२४ पासून ही संहिता लागू आहे. तिच्या कलम ७७ च्या स्पष्टीकरणात म्हटलंय की बाईनं फोटो काढायला संमती दिली असली, पण तो इतरांना दाखवायला दिली नसेल, तर तो पसरवणं गुन्हाच आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास १ ते ३ वर्षं कैद, पुन्हा केल्यास ३ ते ७ वर्षं. आपल्या भाषेत सांगायचं तर फोटो ही अमानत होती आणि त्यानं खयानत केली.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्येही कलमं आहेत. कुणाच्याही खासगी अवयवांचा फोटो संमतीशिवाय काढणं किंवा पसरवणं हे कलम ६६ई खाली येतं. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अश्लील मजकुरासाठी कलम ६७ आणि उघड लैंगिक कृत्याच्या चित्रासाठी ६७ए आहे. ६७ए मध्ये पहिल्या गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे. ही कलमं फक्त पहिल्यांदा टाकणाऱ्याला नाहीत. ग्रुपवर "बघा, काय चाललंय" म्हणून पुढे ढकलणाराही त्यात सापडतो.

फोटो अजून पसरला नसेल, नुसती धमकी असेल, तरी गुन्हा होतो. स्त्रीच्या चारित्र्यावर डाग लावण्याची धमकी दिली तर कलम ३५१ खाली ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे मागितले तर खंडणीचं कलम ३०८ लागतं. चेहरा खरा नि अंग दुसऱ्याचं, असा बनावट फोटो असला तरी तक्रार होते.

अशा खटल्यांत सजा होत नाही, हाही गैरसमज आहे. पश्चिम बंगालमधल्या तामलूकच्या न्यायालयानं २०१८ मध्ये अशाच एका प्रकरणात तरुणाला ५ वर्षांची कैद सुनावली होती.

आधी पुरावा, मग ब्लॉक

घाईत चॅट पुसू नका. धमकीचे मेसेज, प्रोफाइलचं नाव, लिंक, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा. नंबर कागदावर लिहून ठेवा. मूळ फोन विकू किंवा रिसेट करू नका, कोर्टात तो लागू शकतो. पैसे देऊ नका, "शेवटचं भेट" म्हणाला तर जाऊ नका. एकदा पैसे दिले की मागणी वाढतच जाते. पुरावा जपल्यावरच रिपोर्ट आणि ब्लॉक करा.

तक्रार कुठे करायची

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर (सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन) महिला आणि मुलांच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे. तिथे नाव न देताही माहिती देता येते. पण गुन्हा दाखल करून पाठपुरावा करायचा असेल तर नावानं तक्रार करावी. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. जिवाला धोका वाटला तर ११२.

पोलीस ठाणं कुठलंही चालतं. "हे आमच्या हद्दीत नाही" असं म्हणून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर नोंदवावाच लागतो. कलम ७७ च्या तक्रारीत बाईचं म्हणणं महिला अधिकाऱ्यानंच नोंदवायचं असतं, ते मागून घ्या. एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंदवून घेतलाच नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. वकिलाच्या फीची चिंता नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कुठल्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे.

धमकी देणारा नवरा असेल तर वरच्या कलमांबरोबर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली कोर्टाकडून संरक्षणाचा आदेशही मागता येतो.

फोटो काढून टाकायचा कसा

२०२१ च्या आयटी नियमांनी सोशल मीडिया कंपन्यांवर बंधन घातलं: नग्न किंवा अर्धनग्न फोटोची, अगदी बनावट फोटोचीही तक्रार आली की तो ठरलेल्या मुदतीत हटवायचा. सुरुवातीला ही मुदत २४ तासांची होती, २०२६ च्या दुरुस्तीनं ती २ तासांवर आली. तक्रार ती स्वतः किंवा तिच्या वतीनं दुसरं कुणी करू शकतं. शिवाय 'स्टॉप एनसीआयआय' ही मोफत सेवा आहे, १८ वर्षांवरच्यांसाठी. तिथे फोटो कुठेही जात नाही. आपल्याच फोनमध्ये त्याचा आकड्यांचा ठसा बनतो आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्या त्या ठशावरून फोटो अडवतात. व्हॉट्सॲपच्या खासगी चॅटमध्ये मात्र याचा उपयोग होत नाही. तिथे पोलीस तक्रारच हवी.

मूल अठराच्या आतलं असेल तर

मग पॉक्सो कायदा, २०१२ लागू होतो आणि मामला आणखी गंभीर होतो. असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, मग आपण शिक्षक असू, नातेवाईक असू की जमातीचे जबाबदार. "आपसात मिटवू" हा रस्ता इथे कायद्यानंच बंद केलाय. मुलांचे असे फोटो पुरावा म्हणूनसुद्धा आपल्या फोनमध्ये साठवू नका, कुणाला पाठवू नका. लिंक आणि नंबर लिहून घ्या आणि पोलिसांना दाखवा. मदतीसाठी १०९८.

मुलगेही यात सापडतात. अनोळखी व्हिडिओ कॉल येतो, रेकॉर्डिंग होतं, मग पैशांची मागणी. कलम ७७ बायकांसाठी आहे, पण ६६ई आणि खंडणीचं कलम मुलांनाही तितकंच संरक्षण देतं. शरमेनं गप्प बसलेल्या मुलाशी अब्बांनी स्वतःहून बोलावं. मन फारच खचलं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे.

गप्प राहिल्यानं काय होतं

जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' ॲपवर मुस्लिम मुलींचे फोटो लावून त्यांची बोली लावली गेली. सहा महिने अटक झाली नाही. १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' आलं. त्या बायकांनी नावानिशी तक्रारी केल्या आणि मुंबईच्या सायबर पोलिसांनी काही दिवसांतच अटका केल्या. त्यानंतर जुन्या प्रकरणातही अटक झाली. त्या गप्प बसल्या असत्या तर?

दीनही आपल्याला हेच शिकवतो. हजरत आयशा रजि. यांच्यावर तोहमत आली, त्या प्रसंगी सूरह नूरच्या आयती उतरल्या. पाकदामन बाईवर आरोप करून चार साक्षीदार न आणणाऱ्याला तिथे ८० फटक्यांची सजा सांगितली आहे. सूरह हुजुरात दुसऱ्याच्या खासगी गोष्टी हुडकायला आणि गीबत करायला मना करते. मग कुणाच्या लेकीचा फोटो आपल्या फोनवर आला तर तो पाहायचा नाही, पुढे पाठवायचा नाही, आणि तिच्या घरच्यांना आधार द्यायचा. मोठ्या मुलीचा असो वा लहान मुलीचा, हाच आपला फर्ज.

त्या अम्मींना आम्ही दाखला दिला नाही. शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये बसून थोरलीला बोलावलं, तारखांसह अर्ज लिहिला आणि आमच्यातल्या एक बाई त्यांच्याबरोबर ठाण्यात गेल्या. गुन्हा नोंदला गेला, मुलाचा फोन जप्त झाला. खटला अजून चालू आहे. थोरली कॉलेजला जाते. धाकटी या वर्षी दहावीला बसते आहे.