खोडलेली नावं काय सांगतात

कामाला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर टिकत नाही. घोडेगाव सोडून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं, की शिनोलीपासूनच ही तक्रार कानावर येते. ढाबा असो, पोल्ट्री असो, दूध संकलन केंद्र असो की खासगी शाळा, रडगाणं एकच. अशा ठिकाणची हजेरीवही उघडली तर पानोपानी एखाददुसरं नाव तांबड्या शाईनं खोडलेलं असतं. नाव खोडलं की मालक नव्या माणसाच्या शोधाला लागतो. जुना का गेला, हे मात्र कुठंच लिहिलेलं नसतं. त्याची जागा काही पक्क्या समजुतींनी घेतलेली असते.

गैरसमज १ : ‘आमच्याकडे कुणीच टिकत नाही.’

वस्तुस्थिती : आधी मोजा. वर्षभरात सोडून गेलेल्यांच्या संख्येला सरासरी कामगारसंख्येनं भागून शंभरनं गुणलं की गळतीचा दर निघतो. समजा, पोल्ट्रीवर २० माणसं आहेत आणि वर्षात १५ जण गेले. दर आला ७५ टक्के. ऐकूनच धडकी भरते. पण ते पंधराही जण रात्रपाळीच्या तीनच जागांवरचे असले, म्हणजे एकेका जागेवरून पाच-पाच जण गेले असले, तर उरलेले १७ जण वर्षभर जागचे हललेले नाहीत. दुखणं तीन जागांचं आहे. रात्री एकट्यानं राहावं लागतं, पहाटे घरी जायला गाडी नसते, की पाळीवरचा सुपरवायझर तोंडाळ आहे? माणसं पाच बदलली आणि पाचही गेली, तर खोट माणसात शोधण्यापेक्षा जागेत शोधावी.

दुसरा आकडा माणूस किती दिवस टिकला, त्या दिवसांचा. सोडणाऱ्यांत नवे जास्त असतात, हा जगभरचा अनुभव आहे. ठरवताना सांगितलेलं काम वेगळं आणि प्रत्यक्षातलं वेगळं निघालं, किंवा पहिल्या आठवड्यात शिकवायला कुणी नसलं, की नवा माणूस पहिल्या पगारानंतर येतच नाही.

गैरसमज २ : ‘चाकणएवढा पगार आपण देऊ शकत नाही, मग इलाजच नाही.’

वस्तुस्थिती : पगार बाजारभावाच्या फार खाली असेल तर बाकी सगळं फुकट, हे खरंच. पण घरच्या भाकरीवर राहून मिळणारे १४ हजार आणि चाकणला खोलीभाडं, खाणावळ, येणं-जाणं वजा होणारे १८ हजार यांत हाताशी काय उरतं, हा हिशेब पोरांनाही येतो. तरीही ती जातात, तेव्हा पगाराची तारीख पक्की नसणं, आठवड्याची सुट्टी ऐन वेळी रद्द होणं, गिऱ्हाइकासमोर पाणउतारा होणं, ही कारणं तपासावी लागतात.

यातलं गाजलेलं उदाहरण हेन्री फोर्डचं. १९१३ साली त्याच्या हायलंड पार्क कारखान्यात सुमारे १४ हजार कामगारांची संख्या टिकवण्यासाठी वर्षभरात ५२ हजारांवर माणसं भरावी लागली. गळतीचा दर होता ३७० टक्के. जानेवारी १९१४ मध्ये त्यानं दिवसाला पाच डॉलर जाहीर केले आणि गळती झपाट्यानं उतरली. गोष्ट एवढीच सांगितली जाते. पण त्याच घोषणेत कामाचे तास नऊवरून आठ झाले होते. त्याआधी, ऑक्टोबर १९१३ मध्येच, वेतनश्रेणींचा गोंधळ आवरून मुकादमाचा मनमानीनं कामावरून काढण्याचा अधिकारही काढून घेतला होता. पाच डॉलर देणं जमलं नाही, तरी मुकादमाला आवर घालणं कुणालाही जमण्यासारखं आहे.

गैरसमज ३ : ‘उचल दिली, बाँड लिहून घेतला, की माणूस बांधला जातो.’

वस्तुस्थिती : ही समजूत ऊसतोडीतून आलेली आहे. पारगावचा भीमाशंकर साखर कारखाना असो की जुन्नरचा विघ्नहर, गाळप हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. मुकादम उचल घेतो, एकेका कोयत्याला, म्हणजे ऊसतोड जोडप्याला, वाटतो आणि ती हंगामभर फिटत राहते. उचल बुडवून टोळीच न येण्याचे प्रकारही याच धंद्यातले. म्हणजे उचलीनं माणूस टिकतोच, असं तिथंही नाही.

आगाऊ रक्कम देणं गुन्हा नाही. पण ती फिटेपर्यंत माणसाला डांबणं किंवा सक्तीनं राबवणं १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाँडचंही तसंच. मुदतीआधी सोडल्यास ठरलेली भरपाई घेण्याची अट सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात मान्य केली. मात्र भरपाई वाजवी असावी लागते. ‘इथून गेल्यावर दुसरीकडे हेच काम करायचं नाही’ ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही.

गैरसमज ४ : ‘इकडची माणसं बेभरवशाची, केव्हाही दांडी मारतात.’

वस्तुस्थिती : ‘केव्हाही’ हा शब्द तपासावा. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस लागला की भातलावणी असते. तेव्हा डोंगरातला माणूस घरच्या खाचरात उतरणारच. पुढं कापणी आहे, हिरड्याचा हंगाम आहे, गावच्या यात्रा आहेत. या तारखा दरवर्षी जवळपास ठरलेल्या. भीमाशंकरच्या वाटेवरच्या हॉटेलाला श्रावणात दुप्पट हात लागतात, हेही ठरलेलं. लावणीच्या आठ-दहा दिवसांच्या सुट्ट्या जूनमध्येच पाळीपाळीनं लावून दिल्या, तर माणूस श्रावणाआधी कामावर हजर असतो. सुट्टी नाकारली तर तो जातोच आणि मग परत यायला ओशाळतो. बेभरवसा म्हणून नोंदली जाणारी गोष्ट बहुतेक वेळा आधीच कळण्याजोगी असते.

गैरसमज ५ : ‘पीएफ, ग्रॅच्युइटी ही मोठ्या कंपन्यांची कामं.’

वस्तुस्थिती : भविष्यनिर्वाह निधीला २० कामगारांची मर्यादा आहे, कर्मचारी राज्य विम्याला १० ची, आणि त्यात महिना २१ हजारांपर्यंत वेतन असलेले येतात. ग्रॅच्युइटीही १० कामगारांपासून लागू होते. त्यामुळे बऱ्यापैकी चालणारं हॉटेल किंवा शाळा यात सहज येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. कायम कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं लागतात, ठरावीक मुदतीवर घेतलेल्याला आता एकच वर्ष पुरतं. किमान वेतनाला तर कामगारसंख्येची अटच नाही.

याकडे खर्च म्हणून पाहिलं जातं. पण सोडून गेलेल्याच्या जागी नवा शोधायचा, शिकवायचा, तोवर मालकानं स्वतः गल्ल्यावरून उठून भटारखान्यात उभं राहायचं, हाही खर्चच आहे. तो वहीत चढत नाही, एवढंच.

गैरसमज ६ : ‘गेला तो गेला, त्याचा हिशेब बघू नंतर.’

वस्तुस्थिती : वेतन संहितेनुसार नोकरी सोडणाऱ्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करावं लागतं. कायदा बाजूला ठेवला तरी यात मालकाचाच फायदा आहे. नारायणगावला भरणाऱ्या मजूरबाजारात आंबेगाव, जुन्नर, अकोल्याची माणसं उभी असतात. कुठला मालक पैसे वेळेवर देतो आणि कुठला पंधरा दिवस खेटे घालायला लावतो, हे अशा ठिकाणी पाटी न लावता कळतं. पुढचा माणूस येतो तो आधीच्याला विचारूनच. नीट हिशेब घेऊन गेलेला चाकणहून कंटाळून परतही येऊ शकतो, आणि त्याला शिकवावं लागत नाही.

शेवटी, सगळेच टिकले पाहिजेत असंही नाही. कुणी शिक्षणासाठी जाईल, कुणी लग्न होऊन परगावी, कुणी स्वतःचा गाळा टाकेल. ती गळती रोखायची नसते, तिची तयारी ठेवायची असते. रोखायची ती तीन जागांवरची.

त्यासाठी वेगळं खातं काढायला नको. हजेरीवहीतलं नाव खोडताना शेजारी चार गोष्टी लिहाव्यात : जागा कुठली, किती दिवस राहिला, महिना कोणता आणि जाताना काय म्हणाला. वर्षअखेरीला ती पानं सलग वाचली, की ‘इकडची माणसंच अशी’ हे वाक्य म्हणताना मालकाची जीभ जरा अडखळेल.