चुंबकाचा चिवटपणा

कोपरखैरण्यातल्या एका छोट्या दुकानात पंखे दुरुस्त करणाऱ्या दादांनी माझा पंखा उघडून समोर ठेवला. "ताई, हात जपून. स्क्रू ड्रायव्हर ओढून घेतो हा." मी पुढे केलेला स्क्रू ड्रायव्हर खटकन आतल्या कडेला चिकटला. पंख्याच्या वाटीसारख्या आवरणाच्या आत काळसर, कौलासारखे ठिसूळ तुकडे गोलाकार बसवले होते. हे कायमस्वरूपी चुंबक. तांब्याच्या तारांची गुंडाळी मधोमध जागेवरच राहते आणि चुंबकांची वाटी पात्यांसकट तिच्याभोवती फिरते. जुन्या पंख्यात असे चुंबक नसतात. तिथे फिरणाऱ्या भागातलं चुंबकत्वही विजेनेच उभं करावं लागतं आणि त्यात बरीच वीज उष्णता होऊन वाया जाते. म्हणून जुना पंखा 70-75 वॉट घेतो, तर हा तीसच्या आसपास. दिवसाला पंधरा तास पंखा चालणाऱ्या घरात महिन्याला वीसेक युनिटं वाचतात, तीही एका पंख्यामागे. घरगुती बाजारात असे पंखे रुजवणाऱ्या ॲटमबर्गची सुरुवात आयआयटी मुंबईच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी 2012 मध्ये केली. तिचा पहिला पंखा 2015 मध्ये आला, आणि कंपनीचं बस्तान होतं इथेच, नवी मुंबईत.

चुंबक म्हटलं की आपल्याला त्याची ओढ आठवते. मला मात्र त्याचा चिवटपणा मोलाचा वाटतो. साध्या लोखंडाला चुंबक लावा, तेही चुंबक होतं, आणि चुंबक दूर केला की बहुतेक सगळं विसरतं. कायमस्वरूपी चुंबक उष्णता, हादरे, समोरून येणारं उलटं क्षेत्र सोसूनही आपली दिशा धरून ठेवतो. स्पीकर घ्या, सायकलचा डायनॅमो घ्या, संगणकाची हार्ड डिस्क घ्या, सगळ्यांची भिस्त यावरच आहे. दळणात खिळा किंवा स्क्रू जाऊ नये म्हणून गिरण्यांत धान्याच्या वाटेवर लावलेला चुंबकही असाच वर्षानुवर्षं मुकाट काम करतो.

याच गुणावर मुंबईत एक मोठं विज्ञान उभं राहिलं. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद सुरू झाली. दोन समांतर धाग्यांवर चुंबकाची कांडी आडवी टांगायची. पृथ्वीचं क्षेत्र जरा वाढलं किंवा घटलं की कांडी किंचित वळते, आणि ते वळणं दुर्बिणीतून पट्टीवर वाचायचं. दर तासाला, रात्रंदिवस, माणसाने डोळ्यांनी वाचायचं आणि वहीत लिहायचं. क्षेत्र अस्वस्थ झालं की काही मिनिटांच्या अंतराने. 1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक झगझगीत भडका पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलाब्याची कांडी वळू लागली. इथल्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 38 हजार नॅनोटेस्ला असतो. त्यात त्या सकाळी 1,600 नॅनोटेस्लांच्या आसपास घट नोंदली गेली. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशातून, सूर्यावरच्या भडक्यामुळे उठलेल्या त्या चुंबकीय वादळाची इतकी चांगली नोंद क्वचितच मिळते. 2003 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रूस त्सुरुतानी यांनी गुरबक्षसिंग लखिना आदी सहकाऱ्यांबरोबर त्याच आकड्यांवरून त्या महावादळाची ताकद नव्याने मोजली. रात्रपाळीत दिव्याच्या उजेडात पट्टी वाचणाऱ्या त्या अनाम नोंदणीकारांबद्दल माझ्या मनात अपार कृतज्ञता आहे.

पुढे शहरानेच या चुंबकांना त्रास द्यायला सुरुवात केली. ट्राम विजेवर चालणार हे ठरलं. रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह कांडीला हलवणार होता. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक एन. ए. एफ. मूस यांनी खाडीपलीकडचं अलिबाग निवडलं. तिथली इमारत पोरबंदरी दगडाची, लोखंडाला आत मज्जाव. 1904 ते 1906 कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या जागेशी नीट जोडता यावी. विजेची ट्राम धावली 1907 मध्ये. किती वेळेवर उचललेलं पाऊल होतं ते! आज अलिबागची वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, आणि संस्थेचं मुख्यालय आहे नवीन पनवेलला. टांगलेल्या कांडीची जागा आता इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी घेतली आहे, पण मालिका तुटलेली नाही.

चुंबकाचा चिवटपणा वाढवण्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात जपानला जातं. कोतारो होंडा यांनी 1917 मध्ये कोबाल्टयुक्त पोलादाचा चुंबक केला. 1931 मध्ये मिशिमा यांनी ॲल्युमिनियम आणि निकेल मिसळून त्याहून चिवट केला. साठच्या दशकात अमेरिकेत समेरियम-कोबाल्ट आला, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मासातो सागावा यांनी जपानमध्ये, तर जॉन क्रोट यांनी अमेरिकेत स्वतंत्रपणे निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा चुंबक घडवला. फेराइट या साध्या प्रकारच्या, तेवढ्याच आकाराच्या चुंबकाच्या तुलनेत तो दहापट ऊर्जा साठवतो. म्हणूनच विजेवरच्या गाडीची मोटर लहान आणि हलकी होऊ शकली. त्याची दुखरी बाजू म्हणजे उष्णता. मोटर तापली की तो ढिला पडतो, म्हणून त्यात डिस्प्रोसियम मिसळावं लागतं. एप्रिल 2025 मध्ये चीनने समेरियम, डिस्प्रोसियम यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं, तेव्हा आपल्या वाहन उद्योगाला घाम फुटला.

हे परावलंबन मला मनापासून खुपतं, कारण निओडिमियम, समेरियम यांसारखी दुर्मिळ मृदा म्हणवणारी मूलद्रव्यं आपल्या केरळ-ओडिशाच्या किनारी वाळूत आहेत. त्यांवर काम करणारी सरकारी कंपनी 1950 मध्ये स्थापन झाली, तिचं मुख्यालय मुंबईत आहे. वाळूतून खनिजं वेगळी काढतानाही चुंबकच लागतात: इल्मेनाइट ओढलं जातं, झिरकॉन जागेवर राहतं. म्हणजे माल आहे, विद्याही आहे. वाळूपासून तयार चुंबकापर्यंतची साखळी मात्र आपण पुरी केली नाही. विशाखापट्टणमला समेरियम-कोबाल्ट चुंबकांचा कारखाना 2023 मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला 3,000 किलो. गाड्यांच्या मागणीपुढे हे फारच थोडं.

कोपरखैरण्याच्या दादांना मी विचारलं, "हे चुंबक चीनहून येतात का?" त्यांनी तुटलेल्या पट्टीचा तुकडा बोटांवर चोळून दाखवला, तांबूस-काळी भुकटी लागली. छतावरच्या पंख्यात साधारणपणे फेराइट वापरतात, म्हणजे मुख्यतः लोखंडाच्या गंजाचीच भट्टीत भाजलेली भुकटी. फ्रिजच्या दारातल्या रबरी पट्टीतही तीच असते.

"याला काय, ताई, पुण्यातनंसुद्धा मिळंल," असं म्हणत त्यांनी वाटी उलटी करून गुंडाळीवर बसवली.