आत्महत्या : मौन कोणाला वाचवते?

आपल्या समाजात आजारपण, कर्ज, भाऊबंदकी अशा सर्व विषयांवर मोकळेपणाने चर्चा होते. परंतु एखाद्या घरात कोणी स्वतःचे जीवन संपवले, तर त्या घराभोवती एकदम शांतता पसरते. 'अटॅक आला', 'पाय घसरला' असे काहीतरी सांगितले जाते आणि ऐकणाराही मुकाट्याने मान हलवतो. दुःखात बुडालेल्या कुटुंबाकडे बोट दाखवण्याचा आमचा हेतू नाही. हे मौन कोठून आले व ते कसे सोडता येईल, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

पहिले कारण कायद्याची भीती. भारतीय दंड विधानाच्या कलम ३०९ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता व त्यास एक वर्षापर्यंत कैद होती. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. परंतु १९९६ साली घटनापीठाने ते पुन्हा वैध ठरवले. त्यामुळे वाचलेल्या माणसाला दवाखान्यात नेतानाही घरचे लोक कचरत. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून अमलात आला. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे व तिच्यावर खटला चालवू नये, असे त्याचे कलम ११५ सांगते. अशा व्यक्तीची काळजी घेणे, तिच्यावर उपचार करणे ही जबाबदारी त्याने सरकारवर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिलेले नाही. कायदा बदलला, पण मनातील भीती अजून गेलेली नाही.

दुसरे कारण बदनामी. मुलाबाळांची लग्ने अडतील, लोक सुनेला किंवा सासूला दोष देतील, ही धास्ती असते. गेलेल्याला 'भेकड' म्हणून मोकळे होणारेही कमी नाहीत. तिसरे कारण एक गैरसमज आहे. 'विचारले तर त्याच्या डोक्यात नसलेला विचार येईल' असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने हा समज चुकीचा असल्याचे स्पष्ट सांगितले आहे. आपुलकीने विचारल्यास माणसाला मन मोकळे करण्याची वाट मिळते.

आता वृत्तपत्रे व दूरचित्रवाणीकडे पाहू. येथे मौनही आहे आणि गोंगाटही आहे. नामवंत व्यक्ती गेली की दिवसरात्र चर्चा चालते, चिठ्ठी दाखवली जाते, कसे घडले याची चित्रे काढली जातात. एकच कारण शोधून निकाल दिला जातो. वास्तविक अशा घटनेमागे आजार, कर्ज, व्यसन, अपमान, एकटेपणा अशी अनेक कारणे गुंतलेली असतात. दुसरीकडे, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ व्यक्तींनी जीवन संपवले. त्यात सर्वाधिक, २२,७४६, आपल्या महाराष्ट्रातील होत्या. देशातील एकूण संख्येत एक चतुर्थांशाहून अधिक लोक रोजंदारीवर पोट भरणारे होते. त्यांच्याविषयी पहिल्या पानावर किती वेळा वाचावयास मिळते?

याचा अर्थ बातमीच देऊ नये असा नाही. ती कशी द्यावी हा प्रश्न आहे. व्हिएन्ना शहरात भुयारी रेल्वेत अशा घटना वाढल्या, तेव्हा १९८७ साली तज्ज्ञांनी वृत्तपत्रांना आवाहन केले. भडक बातम्या थांबल्या आणि त्या घटनाही झपाट्याने कमी झाल्या. आपल्या भारतीय प्रेस परिषदेनेही २०१९ साली मार्गदर्शक सूचना दिल्या : मथळा भडक नसावा, पद्धतीचे वर्णन नसावे, ठिकाणाचा तपशील व छायाचित्रे नसावीत. जे त्या काळोखातून बाहेर आले, त्यांच्या हकिगती मात्र जरूर छापाव्यात. त्या वाचून दुसऱ्याला धीर येतो.

वाचकहो, आपण काय करू शकतो? घरात, वस्तीत, वसतिगृहात कोणी अबोल झाले, झोप व जेवण तुटले, 'माझा सर्वांना भार झाला' असे म्हणू लागले, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. एकांतात बसवून सरळ विचारावे, 'तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?' उत्तर 'हो' आले तर रागावू नये, उपदेश करू नये, शपथा घालू नयेत. ऐकून घ्यावे. त्या व्यक्तीस एकटे सोडू नये, धोकादायक वस्तू तिच्या हाती लागणार नाहीत असे पाहावे व लवकरात लवकर डॉक्टरांकडे न्यावे. २०२२ साली सुरू झालेल्या शासनाच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे. तेथे मराठीतही बोलता येते. जिच्या मनात असे विचार येतात त्या व्यक्तीने स्वतः फोन केला तरी चालतो. त्यात कमीपणा नाही.

आणि ज्या घरातील माणूस गेला, त्या घरी अवश्य जावे. कसे घडले हे विचारू नये. गेलेल्या माणसाचे नाव घेऊन त्याच्या चांगल्या आठवणी काढाव्यात. तेराव्या दिवसानंतर सर्वांचे पाय थांबतात, तेव्हा आपले थांबू नयेत. प्रत्येक वस्तीत असे विचारणारी, ऐकणारी दोन-चार माणसे तयार झाली, तरी अनेक घरांतील दिवे विझण्यापासून वाचतील, असा आमचा विश्वास आहे.