‘वायच दुखता’ म्हणू नका : आमवात डॉक्टरांच्या लक्षात यावा म्हणून नेमकं काय सांगायचं?

सकाळचे अकरा वाजलेत. वैभववाडीतला एखादा दवाखाना. बाहेर बाकावर पंचवीस-तीस पेशंट. त्यात एक चाळिशीची बाई आहे. तिचा नंबर येतो, डॉक्टर विचारतात, काय होतंय?

ती म्हणते, “सांधे दुखतत. तसा काय नाय, वायच दुखता.”

दिवस लावणीचे. त्या दिवसात कंबर, गुडघे, हात दुखतायत म्हणून आलेली ती दहावी पेशंट. डॉक्टर पाच दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या लिहून देतात, सोबत कॅल्शियम, आणि जड उचलू नका असं सांगतात. दोन मिनिटांत बाई बाहेर.

तिने काय सांगितलं नाही? उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. चहाचं टोप एका हाताने उचलत नाही. भाकरी आता मुलगी थापते. नारळ खवायला बसलं की मनगटातून कळ येते. आणि हे सगळं लावणीच्या आधीपासून, तीन महिने चालू आहे.

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण आमवाताचं निदान लांबतं ते बऱ्याचदा अशाच दोन मिनिटांत. म्हणून आज समजून घेऊ की हा आजार डॉक्टरांच्या नजरेतून का सुटतो आणि तो सुटू नये म्हणून आपण काय करू शकतो.

आधी गोंधळ शब्दाचा

आपल्याकडे सांधे दुखले की ‘वात’ झाला म्हणतात. म्हातारपणी गुडघे झिजले तरी वात, युरिक अ‍ॅसिड वाढून अंगठा सुजला तरी वात, चिकुनगुनियानंतर हातपाय धरले तरी वातच. प्रत्यक्षात सांध्यांचे आजार शंभराहून जास्त प्रकारचे आहेत.

त्यातला एक म्हणजे रुमॅटॉइड आर्थरायटिस. मराठीत त्याला आमवात म्हणतात. यात सांधा झिजत नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा चुकून स्वतःच्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजतं, आणि सूज टिकून राहिली की शेजारची कूर्चा आणि हाड कुरतडलं जातं.

हा म्हातारपणाचाच आजार आहे असंही नाही. तिशी ते साठी या वयात तो बऱ्याचदा सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दोन ते तीन पट जास्त दिसतो. म्हणजे घरात आणि शेतात सगळ्यात जास्त राबणाऱ्या वयातच.

मग डॉक्टरांच्या लक्षात का येत नाही?

याचं उत्तर शोधायला पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला जावं लागेल. उजनीच्या पाण्यावर येणाऱ्या फ्लेमिंगोंसाठी आपल्याला माहीत असलेलं हेच गाव.

१९९६ मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे घरोघरी जाऊन पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमाचा तो भाग होता. गावात सांधेदुखी नेमकी किती आणि कसली, हे मोजायचं होतं.

४,०९२ प्रौढांची विचारपूस झाली. त्यातल्या ७४६ जणांना, म्हणजे सुमारे १८ टक्के लोकांना, सांधे-स्नायूंचा काही ना काही त्रास होता. आमवात होता साधारण ०.५ टक्का लोकांना, म्हणजे दोनशे प्रौढांमागे एकाला.

आता हेच प्रमाण धरून दहा हजार प्रौढांच्या वस्तीचा हिशोब करा. दुखतंय म्हणणारे अठराशे आणि त्यात आमवाताचे पन्नास. डॉक्टरांसमोर साधारण छत्तीस दुखणेकरी येतील तेव्हा त्यात एक आमवाताचा असेल. उरलेल्या पस्तिसांना झीज, कामाचा ताण, आखडलेले स्नायू असं काहीतरी असतं आणि त्यातल्या बहुतेकांना गोळी, शेक, विश्रांती पुरते.

म्हणजे डॉक्टर निष्काळजी असतातच असं नाही. ‘सांधे दुखतात’ हे छत्तीसच्या छत्तीस जण म्हणतात. तुमचं दुखणं बाकीच्या पस्तिसांपेक्षा वेगळं कसं आहे, हे डॉक्टरांना दिसायला हवं.

आणि इथे आजारच डाव साधतो. आमवाताचा जोर पहाटे असतो. हालचाल होईल तसे हात मोकळे होतात. तुम्ही अकरा वाजता डॉक्टरांसमोर बसता तेव्हा सकाळची सूज निम्मी उतरलेली असते. निघताना घरची वेदनाशामक गोळी घेतली असेल तर आणखीच.

इतकी घाई कशासाठी?

कारण कुरतडलेलं हाड औषधाने भरून येत नाही. बोटं एकदा वाकडी झाली की गोळ्यांनी सरळ होत नाहीत. मात्र सुरुवातीच्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झालं, तर पुष्कळ रुग्णांचा आजार पूर्ण आटोक्यात येतो.

म्हणूनच युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे की सांधे सुजल्यापासून सहा आठवड्यांत रुग्ण तज्ज्ञापर्यंत पोचावा आणि आजार टिकणारा वाटला तर तीन महिन्यांच्या आत मूळ औषध सुरू व्हावं. आपल्याकडे ‘पावसाळा संपल्यावर बघू’ म्हणण्यातच चार महिने जातात.

डॉक्टरांना काय सांगायचं?

जाण्याआधी घरी कागदावर ही उत्तरं लिहा. शाळकरी पोरालाही लिहायला सांगता येईल.

१. सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात? झिजेच्या दुखण्यात आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत जातो. आमवातात तो तासभर किंवा जास्त राहू शकतो. ‘सकाळी आखडतं’ एवढंच सांगू नका. “सहाला उठते, साडेसातपर्यंत मूठ वळत नाही,” असं घड्याळ लावून सांगा.

२. कोणते सांधे? आमवात बहुतेक वेळा लहान सांध्यांत सुरू होतो. मनगट, बोटांच्या मुळाचे आणि मधले सांधे, पायाच्या चवड्याचे सांधे. नखाजवळचा सांधा बहुधा सुटतो. दोन्ही हातांना त्रास असेल तर तेही सांगा. सकाळी पाय टेकल्यावर खड्यांवर चालल्यासारखं वाटत असेल तर तीही खूण आहे.

३. सूज आहे का? नुसतं दुखणं आणि सुजणं यात फरक आहे. अंगठी निघत नाही, बांगडी चढत नाही, सांधा दाबला तर मऊ, फुगीर लागतो, हे शब्दांत सांगा.

४. किती दिवस? ‘बरेच दिवस’ म्हणू नका. “गुढीपाडव्याच्या सुमाराला सुरू झालं” म्हटलं तरी डॉक्टरांना हिशोब लागतो. सहा आठवडे हा टप्पा निदानात महत्त्वाचा आहे.

५. कोणतं काम थांबलं? भाकरी थापणं, पिळे पिळणं, नळ बंद करणं, वेणी घालणं, विळा धरणं. ‘खूप दुखतं’ यापेक्षा ‘सदऱ्याची बटणं नवरा लावतो’ हे वाक्य डॉक्टरांना जास्त काही सांगतं.

याशिवाय थकवा, बारीक ताप, वजन घटणं, घरात कुणाला आमवात असणं, हेही सांगा.

आणि हातातला मोबाइल वापरा. पहाटे उठल्याबरोबर दोन्ही हातांचा उजेडात फोटो काढा. मूठ वळायचा प्रयत्न करतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. आठ-दहा दिवसांचे असे फोटो असले की अकरा वाजता न दिसणारी सूज डॉक्टरांना दिसते.

उलट विचारलं तर डॉक्टर रागावतील?

ही भीती खरी आहे. गावात डॉक्टर एकच असतात आणि त्यांच्याकडे पुन्हा जायचं असतं. पण प्रश्न अदबीने विचारता येतो. “डॉक्टर, एक शंका होती. हा झिजेचा वात आहे की सुजेचा? एकदा बोटांचे सांधे दाबून बघता का?”

बोटांच्या मुळाची रांग आडवी धरून हलकेच दाबली आणि रुग्ण कळवळला, तर आमवाताचा संशय बळावतो. या तपासणीला पैसे लागत नाहीत, अर्धा मिनिट लागतो.

आणखी एक प्रश्न जरूर विचारा. “या गोळ्यांनी दोन आठवड्यांत सूज गेली नाही, तर पुढे काय करायचं?” मग तुम्ही परत याल तेव्हा पुढची पायरी आधीच ठरलेली असते.

रिपोर्ट नॉर्मल आला तर?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आमवातासाठी आरए फॅक्टर ही रक्ततपासणी करतात. पण आमवात असलेल्या साधारण पाचातल्या एकाची ही तपासणी निगेटिव्ह येते. उलट काही धडधाकट माणसांची, विशेषतः म्हाताऱ्यांची, पॉझिटिव्ह येते. अँटी-सीसीपी ही तपासणी अधिक नेमकी आहे, पण तीही सगळ्यांना पकडत नाही. सुरुवातीचा एक्स-रे तर बऱ्याचदा स्वच्छच असतो.

म्हणून ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की हातापायाचे लहान सांधे सुजलेले असतील, तर रक्ततपासणी नॉर्मल असली तरी रुग्णाला तातडीने तज्ज्ञाकडे पाठवा. ‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे काही नाही’ असं कुणी म्हटलं तर विचारा, “मग ही सूज कशाची?”

कोकणात आणखी एक संशयित असतो, चिकुनगुनिया. २००६ च्या साथीनंतर महाराष्ट्राला त्याची चांगलीच ओळख आहे. त्यातही हातपाय सुजतात आणि दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळू शकतं. तेव्हा आधी ताप आला होता का, घरात इतरांना आला होता का, हे आठवून सांगा. पण ‘चिकुनगुनियाचंच असेल’ म्हणून अनेक आठवडे टिकलेल्या सुजेकडे दुर्लक्ष करू नका.

एका पुडीत आराम मिळाला तर सावध व्हा

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताच्या एका रुग्ण महिलेला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं. काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. पुढे लक्षात आलं की मोठ्या डोसमध्ये, दीर्घकाळ घेतलं तर हेच औषध हाडं ठिसूळ करतं, साखर आणि रक्तदाब वाढवतं, संसर्गाला दार उघडतं.

आजही तज्ज्ञ थोड्या काळासाठी स्टेरॉइड देतात, ते योग्यच आहे. धोका आहे तो नाव नसलेल्या पुड्यांचा आणि ‘कसलं ते विचारू नका’ अशा इंजेक्शनांचा. त्यात स्टेरॉइड असेल तर सूज उतरते, निदान लपतं आणि आत सांधा कुरतडला जातोच. असं काही घेत असाल तर न लाजता डॉक्टरांना सांगा, पुडी सोबत न्या. आणि बरेच दिवस घेतलं असेल तर मनाने एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं असतं.

वैभववाडीतून कुठे जायचं?

आमवात पाहणाऱ्या तज्ज्ञाला रुमॅटॉलॉजिस्ट किंवा संधिवाततज्ज्ञ म्हणतात. हाडांचे डॉक्टर वेगळे, ते मुख्यतः मोडलेली हाडं आणि शस्त्रक्रिया बघतात. संधिवाततज्ज्ञ बहुतांशी मोठ्या शहरांत असतात. वैभववाडीहून तळेरेमार्गे महामार्ग धरला की कणकवली, ओरोसचं जिल्हा रुग्णालय आणि पुढे गोव्यातलं बांबोळी. करूळ किंवा भुईबावडा घाट चढला की गगनबावडा आणि कोल्हापूर. पावसाळ्यात दरड आली तर घाट बंद, म्हणून फेरी वाया जाऊ नये याची तयारी हवी.

पहिली पायरी म्हणून एमडी मेडिसिन डॉक्टर गाठा. ते तपासण्या करून उपचार सुरू करू शकतात आणि तज्ज्ञाला चिठ्ठी देऊ शकतात. केंद्र सरकारची ई-संजीवनी ही मोफत दूरवैद्यकीय सेवाही आहे. कुठेही जाताना जुने रिपोर्ट, औषधांची पाकिटं, तो कागद आणि ते फोटो सोबत ठेवा.

निदान झालं, मग?

बहुतेकांना मेथोट्रेक्सेट दिलं जातं. आमवातासाठी अमेरिकेत त्याला १९८८ मध्ये मान्यता मिळाली. जुनं, स्वस्त आणि परिणामकारक औषध आहे. एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवायची. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने जगभर मृत्यू झालेत. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा. सोबत दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आणि सांगितलेल्या रक्ततपासण्या चुकवू नका. मूल हवं असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, कारण गरोदरपणात ते चालत नाही.

परिणाम दिसायला दीड ते तीन महिने लागतात. ‘फरक नाही’ म्हणून पंधरा दिवसांत औषध सोडणारे पुष्कळ आहेत, आणि बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करणारेही.

तुमच्या घरात सकाळी कुणी दोन्ही हातांनी कप धरत असेल, तर उद्या सकाळीच त्या हातांचा फोटो काढून ठेवा. आणि दवाखान्यात सोबत जा. तिथे ती ‘वायच दुखता’ म्हणाली, तर खरं किती दुखतं ते तुम्ही सांगा.